मांडावर न झालेले निर्णय

आमच्या गोमंतकात कोणत्याही गावी दोन माणसे देवळाच्या सभामंडपात टेकली, की बोलणे फिरून फिरून तीन गोष्टींवर येते. अमक्या शेताचा नकाशात रंग बदलला. तमक्या वळणावर दारूच्या दुकानास परवाना मिळाला. आणि देवाची जी वाडी म्हणून आजोबा दाखवीत होते तिच्यावर कोणी कुंपण घातले. पंचायत, नगरपालिका, कचेरी, न्यायालय ही नावे ह्या बोलण्यात नवी आहेत. वाद मात्र फार जुने आहेत. जमीन कोणाची, तिच्यावर काय करावयाचे आणि गावात मद्य कोठे विकावयाचे, हे ठरविणारी बैठक कोणाची, हा प्रश्न आमच्या इतिहासात निदान पाचशे वर्षे लेखी स्वरूपात आढळतो. त्या लेखी पुराव्याचा एक धागा येथे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

पोर्तुगीजांनी तिसवाडीचे बेट १५१० साली जिंकले, तेव्हा गावोगाव गावकरी नांदत होती. नव्या राज्यकर्त्यांस सारा हवा होता, आणि सारा कोणाकडून कसा घ्यावयाचा हे कळण्यासाठी त्यांना ह्या संस्थेची रीत समजून घेणे भाग पडले. खजिन्याचा अधिकारी आफोंसो मेशिया ह्याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गावकार व शेतकरी ह्यांच्या रूढींची जी सनद लिहवून घेतली, ती फोराल ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तिची कलमे एकोणपन्नास. परक्याने, आपल्या खजिन्याच्या सोयीसाठी लिहिलेला हा दस्तऐवज आहे हे ध्यानात ठेवूनच तो वाचला पाहिजे. पण वाचला पाहिजे हे निःसंशय.

प्रारंभी त्यात एक कथा आहे. ओसाड बेटावर चार पुरुष आले, त्यांनी जमीन साफ करून पीक काढले, वस्ती वाढली आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांना गावकार हे नाव पडले. राजे आणि त्यांचे कर मागाहून आले. ह्या कथेत ऐतिहासिक तथ्य किती ते असो. गावकारांनी नव्या सत्तेस आपली ओळख कशी करून दिली हे तिच्यातून दिसते, आणि त्या ओळखीत एक दावाही आहे: जमीन आम्ही केली, राजा नंतर आला.

कलमांतून जी व्यवस्था दिसते ती मोठी रेखीव आहे. बेटावरील गावांत आठ गावे मुख्य. नेवरा, एला, आजोशी, करमळी ही त्यांपैकी. त्यांच्या गावकारांची मिळून बेटाची बैठक. एखादे गाव सारा भरू शकले नाही तर त्याच्या जमिनीचे काय करावयाचे, ते ही बैठक ठरवी. गावच्या बैठकीत कुलकर्ण्याची हजेरी आवश्यक असे. लिहिणारा नसता केलेला ठराव धरला जात नसे. शेते पावणीने लावली जात. पडीक जमीन माड-पोफळीची वाडी करण्यासाठी अल्प धाऱ्यावर देता येई. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम विक्रीचे: गावातील वंशपरंपरेची जमीन कोणास विकावयाची असेल तर गावच्या सर्व गावकारांची अनुमती हवी, त्यांच्या अनुमतीवाचून विकत घेणाऱ्याचा व्यवहारही रद्द. विडा प्रथम कोणास द्यावयाचा, उत्सवास आलेल्या नाचणारणींनी आधी कोणाच्या दारी जावयाचे, भाताची कापणी कोणत्या गावाने प्रथम करावयाची, हेही तेथेच लिहिलेले आहे. कापणीचा तो पहिला मान ताळगावचा. आजच्या वाचकास हे मानपान क्षुल्लक वाटतील. परंतु मान आणि जमीन ह्यांची एकच वही होती, आणि म्हणून त्या वहीला वजन होते.

बैठकीत एका गावकाराने ‘नाका’ म्हटले की ठराव अडे, अशी रूढी होती. ह्या एका शब्दाबद्दल आमच्यातील अनेकांनी अभिमानाने लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि ‘नाका’ म्हणण्याचा अधिकार कोणास होता तेही सांगितले पाहिजे. तो गावकार कुळातील पुरुषांस होता. कष्टकरी कुळांस नव्हता, मागाहून येऊन वसलेल्यांस नव्हता, गावकाराच्या घरातील स्त्रीसही नव्हता. खाजनाचा बांध फुटला की मध्यरात्री चिखलात उतरणारा आणि सकाळी बैठकीत बसणारा, हे पुष्कळ गावी वेगवेगळे असत. गावकरीला आदर्श लोकशाही म्हणण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती आम्हांस पटत नाही. ती मालकांची सभा होती. पण त्या सभेचे निर्णय गावातच, सर्वांच्या डोळ्यांदेखत होत आणि लिहिले जात. एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

ह्याच सभेच्या हातून एक असा निर्णय लिहून घेण्यात आला, की ज्याचे परिणाम आपल्या देवस्थानांस अद्यापि भोगावे लागत आहेत. १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. त्या मोहिमेमागे व्हिकार जनरल मिगेल व्हाझ ह्याचा पुढाकार होता. देवळे गेली, पण देवळांच्या जमिनी जागच्या जागीच होत्या. पूजा करणारा भट, वाजंत्री, घाडी, देवळाचा सुतार, कलावंत, ह्यांच्या चरितार्थासाठी गावाने तोडून दिलेल्या ह्या जमिनी. त्यांना नमशी म्हणत. त्यांचे उत्पन्न आता कोणाचे? १५४१ च्या जून महिन्यात, गव्हर्नर इश्तेव्हांव द गामा तांबड्या समुद्राच्या मोहिमेवर गेलेला असता, त्याच्या जागी कारभार पाहणारा खजिन्याचा अधिकारी फेर्नांव रोद्रिगिश द काश्तेलु ब्रांकु ह्याने बेटावरील गावकारांस बोलाविले. देवळे नाहीत, तेव्हा त्यांची सेवाही नाही. सबब नमशीचे उत्पन्न नव्या धर्माची चॅपेले, त्यांचे पाद्री आणि धर्मांतरितांच्या साहाय्यार्थ स्थापिलेली संस्था ह्यांना द्यावे, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. गावकारांनी मान्यता दिली, असे कागद सांगतो.

आम्ही ह्या कागदापाशी थोडे थांबू इच्छितो. त्यात जोरजबरदस्तीचा शब्द नाही. सभा भरली, विषय मांडला, संमती मिळाली, लेखकाने लिहिले; सर्व काही रूढीप्रमाणे. फक्त सभा गावाच्या मांडावर भरली नव्हती, तिला बोलावणारा गावचा नव्हता, आणि एक वर्षापूर्वी ज्यांनी देवळे पाडली त्यांच्यापुढे ती भरली होती. तेथे ‘नाका’ म्हणण्याचा अधिकार कोणी वापरला असता? दरोड्याने घेतलेली वस्तू परत मागता येते. संमतीने दिलेल्या वस्तूसाठी भांडणे दुर्घट होते. जमीन काढून घेणाऱ्या सत्तेला सभेची सही का हवी असते, ह्याचे उत्तर ह्या एका प्रसंगात आहे.

पुढील हकीकत वाचकांच्या घरोघर सांगितली जाते. साष्टीत १५६७ साली रायतूरचा कप्तान दियोगु रोद्रिगिश ह्याने देवळांचा विध्वंस केला. त्या एका प्रांतात दोनशे ऐंशी देवळे पडली असे परंपरेने सांगतात. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० साली जुवारीपलीकडे प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. अंत्रुज तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हते. रात्रीच्या होड्यांतून लिंगे आली, मूर्ती आल्या, पालखीचे दांडे आले. शेत होडीत घालता येत नाही. देव नदी ओलांडून आले आणि त्यांची जमीन ऐलतीरी नव्या मालकाच्या वहीत राहिली. मागे राहिलेल्या हिंदू गावकारांची स्थितीही बिकट झाली: सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या हुकुमांनी, ज्या गावी ख्रिस्ती गावकार अधिक तेथे हिंदू गावकारांस बैठकीत बसण्यास बंदी झाली, आणि लेखांत ख्रिस्ती नावे अगोदर लिहावी असे ठरले. मान आणि जमीन ह्यांची वही एक होती असे वर म्हटले, त्याची ही दुसरी बाजू.

कुंकळ्ळीची गोष्ट आणखी तीव्र आहे. जुलै १५८३ मध्ये तेथील गावकारांनी जेझुइट पाद्र्यांना ठार मारले. त्यानंतर त्यांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या कोटात बोलावून मारण्यात आले. शिक्षा तेवढ्यावर थांबली नाही. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी ह्या गावांची गावकरीच बुडवून ती जमीन एका पोर्तुगीज सरदारास देण्यात आली, आणि त्यांपैकी कुंकळ्ळीची जमीन पुढे कुंकळ्ळीच्या कोंदी घराण्याकडे राहिली. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्यास आहे. तिचे गाव मात्र शतकानुशतके दूर लिस्बनमधील धन्याच्या नावे लागलेले होते.

अंत्रुजात देवांना नव्याने जमीन मिळाली ती मराठी राज्याच्या आश्रयाने. १७३९ साली पेशव्यांनी रामचंद्र मल्हार सुखटणकर ह्यांच्या सूचनेवरून मंगेशी गाव श्रीमंगेशास दिला. शाहू महाराजांचे मंत्री नारो राम ह्यांच्या प्रयत्नाने कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ उभे राहिले आणि कवळे गाव देवीस इनाम मिळाला. गावाने तोडून दिलेल्या नमशीच्या जागी राजाची सनद आली. हा फरक मोठा आहे. नमशी ही गावच्या बैठकीची देणगी होती. सनद वरून खाली आलेली होती, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्रुजही पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर ती दाखविण्यासाठी देवस्थानांना त्यांच्याच दारी जावे लागले. महाजनांच्या संस्थांना नियमांत बसविणारा माझनींचा कायदा १९३३ साली झाला व त्याने देवस्थानांच्या हिशेबावर तालुक्याच्या प्रशासकाची देखरेख आली. आपल्यातील कित्येक महाजन आजही ह्या कायद्याला नावे ठेवतात. ठेवोत, पण त्याने देवस्थानच्या जमिनींची यादी करावयास लावली, आणि पुढील काळात अनेक वादांत देवाच्या बाजूने उभा राहिला तो हाच यादीचा कागद.

आता मद्याकडे वळू. देवळाच्या वाचकांना हा विषय अप्रिय वाटेल, म्हणून प्रथम एक खुलासा. माडाची सूर म्हणजे केवळ दारू नव्हे. सुरेपासून गूळ होतो, शिर्का होतो, सुरेने सान्नांचे पीठ फुगते. आणि शीमेवरच्या राखणदाराला रोटाबरोबर तीच ठेवण्याची चाल पुष्कळ गावांत आहे, हे आपण जाणतोच. रेंदेर माडावर चढतो तो गावाच्या एका जुन्या उद्योगाचा कारागीर म्हणून. कोणाचा माड कोणी काढावयाचा, भाटकाराला काय द्यावयाचे, भट्टी कोठे लावावयाची, हे सारे गावच्या आणि भाटाच्या चौकटीत ठरत असे. सरकारचा संबंध कराच्या मक्त्यापुरता.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड व पोर्तुगाल ह्यांच्यात जो तह झाला, त्याने ही चौकट मोडली. तहाचा मुख्य हेतू जकात एक करण्याचा आणि मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे नेण्याचा. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानचे मीठ आणि अबकारी हे दोन मोठे उत्पन्नाचे मार्ग होते. शेजारी स्वस्त मीठ व स्वस्त दारू राहिली तर त्यांना गळती लागणार. म्हणून गोव्याचे मीठ इंग्रजांच्या मक्त्याखाली गेले, आणि शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यांत चालते तशीच अबकारीची पद्धत येथे लागू करण्याचे पोर्तुगीज सरकारने मान्य केले. ह्याच वर्षी मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा झाला होता. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लक्ष रुपये मिळावयाचे होते. जानेवारी १८८० मध्ये तह अंमलात आला.

चार लक्ष रुपये पणजीच्या तिजोरीत आले; माडावरचा कर बार्देश-साष्टीच्या रेंदेराच्या अंगावर आला. परवान्याशिवाय सूर काढणे, भट्टी लावणे हा गुन्हा झाला. मिठागरांवर पहारे बसले. मीठ काढणारा आणि सूर काढणारा हे दोघेही गावच्या सभेत बसणारे नव्हते, आणि लिस्बनच्या सभेत तर नव्हतेच. त्या दशकात मुंबईकडे जाणाऱ्यांची जी रीघ वाढली, तिची कारणे अनेक आहेत. त्यात ह्या तहाचे स्थान वरचे आहे असे आमचे मत आहे. बारा वर्षांनी, जानेवारी १८९२ मध्ये, तह संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातीची एकी गेली, रेल्वे राहिली. अबकारीची कल्पनाही राहिली: मद्य हा गावच्या रीतीचा विषय न राहता सरकारच्या परवान्याचा विषय झाला, तो कायमचा.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावकरीची संहिता पोर्तुगीज सरकारने शेवटची सुधारून काढली होती. जाता जाता लिहिलेला तो कायदा पुढे स्वतंत्र भारतात चालू राहिला, हा इतिहासाचा एक विनोदच. पंचायती आल्या, निवडणुका आल्या, १९६४ साली कूळकायदा आला आणि त्याच वर्षी अबकारी कायदाही. कुळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने १९७६ साली कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. ज्यांना पूर्वी बैठकीत स्थान नव्हते त्यांना जमीन मिळाली, हे न्यायाचेच झाले. मात्र खाजनाचा बांध व मानस ह्यांची डागडुजी करणारी गावकरी त्यामुळे निर्धन झाली, आणि तिच्या जागी आलेले कूळसंघ सर्वत्र सारखे कर्तबगार निघाले नाहीत. मानशीवरील मासळीच्या पावणीसाठी जेवढी गर्दी होते तेवढी बांधावर माती टाकण्यासाठी होत नाही, हे खाजनकाठच्या वाचकांस सांगावयास नको.

जमिनीचा प्रश्न ह्यानंतर नकाशाच्या रंगांत शिरला. शेत, बाग, वस्ती, उद्योग ह्यांचे रंग एका कचेरीत भरले जातात आणि ज्या दिवशी रंग बदलतो त्या दिवशी जमिनीची किंमत बदलते. २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा २००६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला, तेव्हा गावोगावच्या लोकांस आपली भाटे व डोंगर वस्तीच्या रंगात गेल्याचे कागदावरून कळले. त्यावर उठलेली चळवळ इतकी व्यापक होती, की जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढील आराखड्यासाठी चार्ल्स कुरैय्या ह्यांच्यासारखे वास्तुशिल्पी घेतले गेले आणि गावांचे नकाशे गावांकडे पाठविण्यात आले. सर्व्हे क्रमांक हाती घेऊन लोक ग्रामसभेत बसले, ओढे मोजले, देवराया दाखविल्या. फोरालानंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर गावाने आपल्या जमिनीचे वर्णन स्वतः करण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. अंतिम नकाशे बाहेर आले तेव्हा अनेक गावांस ते आपण पाठविल्याप्रमाणे दिसले नाहीत. २०१२ साली तो आराखडाही स्थगित झाला व २०१८ साली पुन्हा अंमलात आणला गेला. एकेका भूखंडाचा रंग ‘चूक दुरुस्ती’ म्हणून बदलण्याची जी वाट २०२३ साली काढण्यात आली, तिचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले. न्यायालय गावाच्या बाजूने बोलले ही समाधानाची गोष्ट. गावाला न्यायालयापर्यंत जावे लागले ही निराळी.

मद्याच्या बाबतीतही रेषा आणि अंतर ह्यांचेच राज्य आहे. देऊळ व शाळा ह्यांपासून दुकान किती मीटर दूर असावे, असा नियम असतो. मग देऊळ कोठून मोजावयाचे, गाभाऱ्यापासून की दीपमाळेपासून, ह्यावर वाद होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत मद्यविक्री नको असा निर्णय दिला. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी ते अंतर दोनशे वीस मीटर झाले, जुलैमध्ये नगरपालिकांच्या हद्दी त्यातून वगळल्या गेल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पंचायत क्षेत्रांचा विचार राज्यांवर सोपविला गेला. म्हणजे एकाच रस्त्यावरचे, एकाच मालाचे दुकान हद्दीच्या खुणेवरून बंद वा चालू. अपघात टाळावे हा मूळ हेतू निर्विवाद चांगला. पण गावास कोणी विचारले नाही, दुकान बंद करतानाही नाही आणि उघडतानाही नाही.

पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यास गेले की कायदा बदलतो. महाराष्ट्रात मार्च २००८ च्या आदेशाने गावातील किंवा नगरपालिकेच्या प्रभागातील दुकान मतदानाने बंद करण्याची सोय आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करावयाची. सह्यांची पडताळणी होते. मग मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहो, आडवी म्हणजे बंद होवो. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीस मत दिले तरच दुकान बंद होते. ह्या हिशेबात जी बाई त्या दिवशी शेतावर गेली, माहेरी गेली, किंवा नवऱ्याच्या धाकाने घरी राहिली, तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. जुन्या बैठकीत एका पुरुषाच्या ‘नाका’ने गावाचा ठराव अडत असे, येथे ‘नको’ म्हणण्यासाठी निम्म्या गावाच्या बायांना एका दिवशी घराबाहेर यावे लागते. तरीही कित्येक गावांत त्या आल्या आहेत, रांगेत उभ्या राहिल्या आहेत आणि दुकाने बंद झाली आहेत. फोरालाच्या एकोणपन्नास कलमांत ज्यांना आसन नव्हते, त्यांच्या हाती ही मतपत्रिका आहे. गोव्याच्या अबकारी कायद्यात असे मतदान आणावे की नाही, हा विषय आमच्या ग्रामसभांनी आपल्या पुढील बैठकीच्या पत्रिकेवर घ्यावा, अशी आमची सूचना आहे; आणि देवस्थानांच्या महाजनांनी त्या बैठकीस येताना आपल्या जमिनीच्या याद्या बरोबर आणाव्या.